माऊसच्या ‘चोरी’बाबत खुलासा

बेळगाव, खानापूर व निपाणी भागांतील विद्यार्थ्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांवर सध्या एक संदेश फिरत आहे. ‘माऊस आणि संगणकावरचा खिडक्यांचा पडदा झेरॉक्स कंपनीने शोधला आणि अ‍ॅपलने तो चोरला, मोठ्या कंपन्या नवे काही घडवतच नाहीत,’ असे त्यात म्हटले आहे. हा दावा चुकीचा आहे.

माऊस मुळात झेरॉक्सचाही नव्हे. अमेरिकी संशोधक डग्लस एंगेलबार्ट यांनी तो 1968 साली सॅन फ्रान्सिस्कोत जाहीरपणे दाखवला होता. झेरॉक्सच्या पालो आल्टो येथील संशोधन केंद्राने 1973 मध्ये ‘आल्टो’ संगणकात खिडक्या व माऊस एकत्र आणले, हे श्रेय निर्विवादपणे त्यांचे आहे. मात्र 1979 मध्ये अ‍ॅपलच्या चमूने त्या केंद्राला दिलेली भेट चोरून दिलेली नव्हती, कारण त्याआधी झेरॉक्सला अ‍ॅपलचे एक लाख शेअर दहा लाख डॉलरला घेण्याची मुभा मिळाली होती. अ‍ॅपलने त्यानंतर केलेले काम मला अधिक मोलाचे वाटते: महागडा, नाजूक माऊस घरगुती वापरासाठी स्वस्त व टिकाऊ करणे. अ‍ॅपलचा 1984 चा मॅकिंटॉश संगणक 2,495 डॉलरना मिळत होता. झेरॉक्सने 1989 मध्ये अ‍ॅपलवर खटला भरला, पण न्यायालयाने त्याचा बहुतांश भाग फेटाळला.

बेळगावच्या उद्यमबागेतल्या फाउंड्रीत काम केलेल्या कुणालाही विचारावे: कागदावरचे चित्र आणि हजार वेळा बिनचूक उतरणारे कास्टिंग यांत किती कष्ट असतात, हे तो सांगेल. हा संदेश पुढे पाठवणाऱ्यांनी सोबत हा खुलासाही पाठवावा, ही कळकळीची विनंती.