एनएचएसच्या हॉस्पिटलात गेल्याने व्हिसा जात नाही

माझ्या मावसबहिणीची मुलगी इंग्लंडमध्ये मास्टर्स करते. हिवाळ्यात तिच्या पोटात उजवीकडे खाली दुखायला लागलं, ताप चढला, आणि ती हॉस्टेलच्या खोलीत पॅरासिटामॉल घेत पडून राहिली. कारण काय, तर घरच्या ग्रुपवर कोणीतरी टाकलेला मेसेज: ‘यूकेतल्या सरकारी हॉस्पिटलात गेलात की होम ऑफिसला कळवतात, पुढचा व्हिसा अडकतो.’ (होम ऑफिस म्हणजे व्हिसा देणारं तिथलं गृहखातं.) बहिणीने मला फोन केला तेव्हा तिचा पहिला प्रश्न ‘दवाखान्यात नेऊ का’ हा नव्हता, ‘नेलं तर व्हिसाचं काय’ हा होता. अपेंडिक्स निघालं. वेळेत ऑपरेशन झालं, पोरगी बरी आहे, बिल एका पेनीचंही आलं नाही. तो मेसेज मात्र अजून फिरतोय. परवा दुसऱ्या ग्रुपवर, वेगळ्या काकांकडून, पुन्हा आला. त्यातला एकेक मुद्दा घेतो.

व्हिसाचा मुद्दा सगळ्यात आधी, कारण त्यानेच एखाद्याचा जीव जाईल.

आजारी पडणं, ए अँड ईत (हॉस्पिटलच्या तातडीच्या विभागात) जाणं, ऑपरेशन होणं यांतल्या कशानेही व्हिसा अडकत नाही. ज्या नियमाची मोडतोड करून ही भीती तयार झाली आहे तो बिलाचा नियम आहे, उपचाराचा नाही. एनएचएसचं, म्हणजे तिथल्या सरकारी आरोग्यसेवेचं, ५०० पौंड किंवा त्याहून जास्त बिल दोन महिन्यांहून अधिक काळ थकलं आणि हप्त्यांबद्दलही हॉस्पिटलशी काही ठरवलं नाही, तर ती थकबाकी होम ऑफिसला कळवता येते आणि पुढचा अर्ज त्या कारणाने नाकारला जाऊ शकतो. आता विचार करा, असं बिल येतं कोणाला? सहा महिन्यांहून मोठ्या व्हिसावर जाणारे आपले बहुतेक विद्यार्थी आणि नोकरदार अर्ज करतानाच इमिग्रेशन हेल्थ सरचार्ज (एनएचएस वापरण्याचं शुल्क) भरून बसलेले असतात. विद्यार्थ्याला वर्षाला ७७६ पौंड, नोकरदाराला १,०३५ पौंड, ६ फेब्रुवारी २०२४ पासून. तोही दरवर्षी नाही, व्हिसाच्या पूर्ण मुदतीचा एकरकमी. तीन वर्षांच्या व्हिसावरच्या स्किल्ड वर्करला ३,१०५ पौंड विमानात बसायच्या आधी मोजावे लागतात. हेल्थ अँड केअर वर्कर व्हिसावाल्यांना सरचार्ज माफ आहे आणि उपचार तरीही मिळतात. ज्या सेवेचे पैसे आईबापांनी कर्ज काढून आधीच भरलेत, ती वापरायला मुलांना घाबरवायचं? मला हे वाचून संताप येतो.

हॉस्पिटलकडून चुकून बिल आलं, आणि तसं होतं, तर ते पाकीट टेबलावर पडू देऊ नका. हॉस्पिटलच्या ओव्हरसीज व्हिजिटर टीमला (परदेशी रुग्णांची बिलं बघणाऱ्या विभागाला) फोन करा, ई-व्हिसा दाखवा, बिल रद्द करून घ्या. बिलाकडे दुर्लक्ष करणं हाच यातला खरा धोका आहे, आणि मेसेजमध्ये त्याबद्दल अवाक्षर नाही.

दुसरा दावा: ‘ए अँड ईत नुसतं तपासलं तरी हजारो पौंड.’ साफ खोटं. इंग्लंडमध्ये कोणाकडून किती घ्यायचं हे परदेशी रुग्णांच्या शुल्काची २०१५ची नियमावली ठरवते. तिच्यानुसार ए अँड ईतली तपासणी आणि उपचार सगळ्यांना मोफत आहेत, अगदी टुरिस्टलासुद्धा. टुरिस्टचं मीटर सुरू होतं ते वॉर्डात दाखल केल्यावर किंवा पुढची ओपीडीची तारीख दिल्यावर. सरचार्ज भरलेल्याला तेही नाही. टीबीसारख्या ठरावीक संसर्गजन्य आजारांचे उपचार तर सर्वांनाच मोफत आहेत. शिवाय तातडीचा उपचार पैशांसाठी अडवून ठेवायला हॉस्पिटलला मनाई आहे आणि बाळंतपण कायम तातडीचंच धरलं जातं. बिल मागून येऊ शकतं, पण दारातून परत पाठवत नाहीत.

तिसरा: ‘सरचार्ज भरला तरी आधीपासूनचे आजार धरत नाहीत, सहा महिने थांबावं लागतं.’ हे खासगी विम्याचे नियम आहेत, एनएचएसचे नाहीत. मधुमेह असो, दमा असो, व्हिसा लागू झाल्या दिवसापासून हक्क सुरू. मेसेजच्या तळाशी विम्यासाठी एक फोन नंबर दिलाय, त्यावरून हा मुद्दा कुठून आला ते समजून घ्या. वगळलेल्या गोष्टी मोजक्या आहेत: आयव्हीएफसारखे उपचार २०१७ पासून सरचार्जमध्ये येत नाहीत, आणि दात, चष्मा, इंग्लंडमधलं प्रिस्क्रिप्शन यांचे पैसे तिथल्या लोकांसारखेच आपल्यालाही पडतात.

आता चौथा. वर मुलांना घाबरवणारा हाच मेसेज खाली लिहितो: ‘आईवडिलांना व्हिजिट व्हिसावर बोलवा, जीपीकडे नाव घाला, गुडघ्याचं ऑपरेशन फुकट करून घ्या.’ म्हणजे पैसे भरलेल्या मुलीने हॉस्पिटलात जायचं नाही आणि न भरलेल्या आईने गुडघे बदलून घ्यायचे! जीपीकडे, म्हणजे तिथल्या फॅमिली डॉक्टरकडे, नाव नोंदवता येतं हे खरं आहे. इंग्लंडमध्ये त्याला पासपोर्ट, पत्त्याचा पुरावा, व्हिसा यांतलं काहीही बंधनकारक नाही, आणि जीपीने तपासल्याचे पैसे पाहुण्यालाही पडत नाहीत. पण जीपीच्या यादीत नाव असलं म्हणजे हॉस्पिटल मोफत, असं अजिबात नाही. जीपी चिठ्ठी देईल. पुढे हॉस्पिटल विचारेल की तुम्ही इथे कशावर राहता. व्हिजिट व्हिसा म्हटलं की एनएचएसच्या स्वतःच्या दराच्या १५० टक्के आकारणी. आणि गुडघा तातडीचा नसल्यामुळे ते पैसे आधी जमा करावे लागतात. ऑक्टोबर २०१७ पासून हॉस्पिटलला तसा कायदाच आहे. ते सोडा, पाहुणे आलेल्या वडिलांना अचानक हार्ट अटॅक आला तर उपचार लगेच होतील, पण वॉर्डातलं बिल नंतर त्यांच्याच नावाने येईल आणि थकलं तर वर सांगितलेला ५०० पौंडांचा नियम त्यांना लागेल. मेसेजने ज्यांना निर्धास्त केलंय, नेमका त्यांनाच धोका आहे. त्यांच्यासाठी प्रवास विमा घ्याच, आणि त्यात बीपी-शुगर लपवू नका. लपवलंत तर क्लेम तिथेच अडकेल.

राहिला पाचवा: ‘नंबर लागेपर्यंत माणूस मरतो.’ यात अर्धं खरं आहे, मानावंच लागेल. इंग्लंडची वेटिंग लिस्ट ७० लाखांच्या वर गेली होती. तातडीच्या नसलेल्या उपचारासाठी १८ आठवड्यांचं उद्दिष्ट कागदावर असतं आणि प्रत्यक्षात अनेकांना त्याहून खूप जास्त थांबावं लागतं. ए अँड ईतही किरकोळ दुखण्याला तासन्‌तास बसवून ठेवतात. पण तिथे क्रम आल्या वेळेवर ठरत नाही, दुखणं किती गंभीर आहे त्यावर ठरतो. माझ्या भाचीला खुर्चीवर बसून राहावं लागलं नाही. नर्सने पोट दाबून पाहिलं, ताप पाहिला आणि थेट आत घेतलं. ती तिथे उशिरा पोहोचली ती वेटिंग लिस्टमुळे नव्हे, या मेसेजमुळे.

तुमचं कोणी या सप्टेंबरला निघत असेल तर त्याला सांगा: पोहोचल्यावर पहिल्याच आठवड्यात जवळच्या जीपीच्या दवाखान्यात (तिथे त्याला सर्जरी म्हणतात) नाव नोंदव, आजारी पडायची वाट पाहू नकोस. रात्री-बेरात्री काही झालं आणि कुठे जायचं कळेना तर १११, जिवावर बेतलं तर ९९९. दोन्ही फोन फुकट आहेत आणि व्हिसा कोणता हे कोणी आधी विचारत नाही.