दार वाजवणाऱ्यांबद्दल थोडं

अनोळखी वस्तीत जाऊन धर्म सांगणाऱ्या माणसाबद्दल दोनच मतं ऐकू येतात, एकतर तो संत नाहीतर भामटा. मला दोन्ही पटत नाहीत. ज्याने आपलं आयुष्य सावरलं असं एखाद्याला मनापासून वाटतं ते त्याला दुसऱ्याला सांगावंसं वाटलं तर बिघडलं कुठे? आपण डाएट सांगतो, डॉक्टरचा नंबर दहा जणांना फॉरवर्ड करतो, राजकारणावरून तर सख्ख्या भावाशी बोलणं टाकतो, मग देवाचं नाव काढलं की एवढं का बिथरायचं? तुम्हाला ऐकायचं नसेल तर दार लावा, तो तुमचा हक्क. पण त्याने दार वाजवणं हाच गुन्हा असं म्हणू नका. १९४८ च्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्यातलं १८ वं कलम धर्म पाळण्याचा आणि शिकवण्याचा हक्क देतं, आणि बदलण्याचासुद्धा, हे शेवटचं लोक सोयीने विसरतात.

माझी तक्रार आहे ती घाईबद्दल.

अडोनिराम जडसन नावाचा अमेरिकन मिशनरी १८१३ साली बायकोबरोबर रंगूनला पोचला आणि पहिल्या माणसाने बाप्तिस्मा घेतला तो १८१९ मध्ये. म्हणजे सहा वर्षं हातात शून्य. ही वर्षं गेली मुख्यतः बर्मी भाषा शिकण्यात, आणि मग त्याने काय केलं तर पॅगोड्याकडे जाणाऱ्या रस्त्याला लागून बांबूचा, गवताने शाकारलेला एक झयात बांधला. झयात म्हणजे तिथली वाटसरूंनी टेकायची उघडी शेड, लोकांच्या रोजच्या सवयीतली जागा. तिथे तो बसायचा. ज्याला वाटेल तो थांबायचा, नाही वाटलं तर सरळ पुढे देवदर्शनाला. मला यातली उघडी बाजू फार आवडते, कारण ऐकणाऱ्याला उठून जायला कुठलंच दार उघडावं लागत नाही.

आता हेच आजच्या काळात करून बघा. पैसे देणारे लांब कुठेतरी बसलेत, त्यांना दर महिन्याला रिपोर्ट हवा, किती घरं केली, किती मीटिंगा झाल्या, किती जण "तयार" आहेत. जडसनने असला फॉर्म भरला असता तर दुसऱ्याच वर्षी त्याचं फंडिंग बंद झालं असतं. आकडा मागितला की माणूस आकडा आणतो, मग तो कसाही आणतो. आमच्याकडे एकदा दोन तरुण आले होते, नीट इस्त्रीचे कपडे, अतिशय नम्र, त्यातलं एक पोरगं पाठ केलेलं घडाघडा म्हणत होतं. मी मधेच विचारलं की बाबा तुझा स्वतःचा विश्वास कधी डळमळला होता का, तर बिचारा गडबडला आणि पुन्हा पहिल्या वाक्यापासून सुरू. मला त्याचा राग नाही आला, त्याला असं पढवून पाठवणाऱ्यांचा आला. त्या वयाच्या मुलाकडे सांगण्यासारखं खरंच काहीतरी असणार, तेच नेमकं राहून गेलं.

मत्तेओ रिचीचं उदाहरण याच्या बरोबर उलट. हा इटालियन जेझुइट, म्हणजे एका कॅथलिक संघाचा धर्मगुरू, १५८३ मध्ये चीनमध्ये शिरला तो बौद्ध भिक्षूंसारखं मुंडण आणि वेश करून, कारण त्याला वाटलं धार्मिक माणूस इथे असाच दिसतो. काही वर्षांनी लक्षात आलं की ज्या विद्वान मंडळींशी बोलायचंय ती भिक्षूंना फारशी किंमतच देत नाहीत, तर १५९५ मध्ये गड्याने दाढी-केस वाढवून पंडितांचा रेशमी झगा चढवला. त्याच वर्षी चिनीत पुस्तक लिहिलं ते चक्क मैत्रीवर. कोणी म्हणेल ही शुद्ध चलाखी, पुढे धर्मच विकायचा होता ना. असेलही थोडी. पण समोरच्याचे ग्रंथ त्याच्याच भाषेत वाचून मग तोंड उघडणारा माणूस आणि पहिल्या दिवशी पत्रकं वाटणारा माणूस यांना एका पारड्यात कसं घालणार?

आपल्या भाषेचंच बघा ना. फादर थॉमस स्टीफन्स इंग्लंडचा, १५७९ ला गोव्यात आला आणि १६१६ मध्ये त्याचं ख्रिस्तपुराण छापलं गेलं, दहा हजारांहून जास्त ओव्या, त्याही अशा की आजही वाचाव्यात. आणि त्याच गोव्यात, त्याच चर्चचं इन्क्विझिशन, म्हणजे धर्माविरुद्ध वागणाऱ्यांना शिक्षा देणारं न्यायालय, १५६० पासून चालू होतं, देवळं पाडली जात होती. ओवीवाला खरा की बेडीवाला? दोन्ही खरे, हीच तर पंचाईत आहे. सत्ता पाठीशी उभी असली की कितीही गोड बोला, ऐकणाऱ्याला त्यामागची काठी दिसते. आणि आज ती काठी राजाचीच असते असं नाही. आजारी माणसाच्या उशाशी औषध आणि प्रार्थना एकत्र येतात, रेशन वाटताना हळूच एक फॉर्म पुढे सरकतो, तेव्हा समोरच्याने "हो" म्हटलं त्याला मी हो मानत नाही. दवाखाना काढा, शाळा काढा, लाख काढा, पण नकार देणाऱ्यालाही पुढच्या वेळी तोच बेड आणि तेच औषध मिळायला हवं.

काही ठिकाणी तर जाणंच चूक. २०१८ मध्ये जॉन चाऊ हा २६ वर्षांचा अमेरिकन तरुण अंदमानच्या नॉर्थ सेंटिनेल बेटावर बंदी मोडून गेला आणि मारला गेला. त्याचं धाडस, त्याची तळमळ खरी होती, मान्य. पण त्या लोकांनी बाणांनी आधीच उत्तर दिलं होतं, आणि बाहेरच्या साध्या तापानेही ती माणसं संपू शकतात. नाही म्हटल्यावर पुन्हा तिथेच जाणं म्हणजे प्रेम नव्हे, हट्ट.

बरं, हे सगळं वाचून जे "बघा, आम्ही सांगत होतो ना, घुसखोर सगळे" म्हणत असतील त्यांनी जरा थांबा. १९६५ मध्ये ६९ वर्षांचे स्वामी प्रभुपाद मालवाहू जहाजातून अमेरिकेला गेले, बोटीवर हार्ट अटॅक आले तरी गेले, न्यूयॉर्कच्या बागेत बसून अनोळखी पोरांसमोर कीर्तन केलं आणि १९६६ मध्ये इस्कॉन स्थापन केली. ते मिशनरी नव्हते तर कोण होते? त्यांचं कौतुक करताना आपला ऊर भरून येतो, मग आपल्या दारावर आलेला तेवढा एजंट कसा काय? परदेशातल्या त्या पोरांना कृष्ण आवडून घेण्याची अक्कल होती आणि आपल्या शेजाऱ्याला मात्र कोणीतरी फसवलंच असणार, हा शेजाऱ्याचा अपमान आहे हो. तो वाढलेला, कमावता माणूस आहे, त्याला ऐकू दे, वाद घालू दे, पटलं तर जाऊ दे, आणि उद्या परत यावंसं वाटलं तर तेही त्याचं तो बघेल.