क्रुसाच्या लाकडावरून हात फिरवणारा येशू

यंदा ईस्टरआधीच्या प्रायश्चित्तकाळात मी एक जुने कृष्णधवल दूरचित्रवाणी नाटक पाहिले आणि त्यातला एक छोटासा प्रसंग अजून डोक्यातून जात नाही. शिष्यांबरोबर असलेल्या येशूला एक क्रूस दिसतो. तो त्याच्यापाशी जातो, लाकडावरून हात फिरवतो आणि सुताराच्या नजरेने त्याची तारीफ करू लागतो: लाकूड उत्तम आहे, टणक आहे, यातून किती टेबले आणि खुर्च्या झाल्या असत्या. मग त्या लाकडालाच उद्देशून तो म्हणतो की तू झाडच राहायला हवे होतेस आणि मी सुतारच.

आमचे आजोबा वसईत सुतारकाम करत. नवी फळी दुकानात आली की रंधा हातात घेण्याआधी ते अंगठा तिच्या शिरांवरून हळूहळू फिरवत, गाठ लागली की तिथेच थांबत आणि मापे घेण्याआधीच या फळीचे काय होईल आणि काय होणार नाही ते सांगून टाकत. येशू सुतार होता हे मी धर्मशिक्षणाच्या वर्गात शेकडो वेळा ऐकले असेल, पण त्याच्या हाताला लाकूड कळत असणार हा विचार पन्नाशी उलटेपर्यंत माझ्या मनात कधी आला नव्हता. आमच्या चर्चमधल्या मूर्तीचे हात आठवून पाहा: गोरे, निमुळते, आणि खिळ्यांच्या जखमा सोडल्या तर एकही ओरखडा नसलेले.

नाटकाचे नाव ‘सन ऑफ मॅन’. लेखक डेनिस पॉटर, दिग्दर्शक गॅरेथ डेव्हिस. बीबीसीच्या ‘द वेन्सडे प्ले’ या मालिकेत ते 16 एप्रिल 1969 रोजी, म्हणजे त्या वर्षीच्या ईस्टरनंतर दहाच दिवसांनी दाखवले गेले. बीबीसीची ती वाहिनी त्याच वर्षीच्या नोव्हेंबरमध्ये रंगीत झाली, त्यामुळे आपल्यासमोर येते ते करड्या छटांचे गालील. चित्रीकरण स्टुडिओत आणि घाईत झालेले आहे. खडक खडकासारखे दिसत नाहीत आणि मोठा जमाव दाखवायचा तिथे माणसे मोजता येतात. पहिली दहा मिनिटे मी मनातल्या मनात हसत होतो. नंतर हसू थांबले, कारण या गरिबीमुळेच कॅमेऱ्याला चेहऱ्यांजवळ जाण्यावाचून गत्यंतर राहिलेले नाही आणि चेहरा कॉलिन ब्लेकलीचा आहे.

ब्लेकली हे उत्तर आयर्लंडचे नट. ठेंगणे, आडव्या अंगाचे, रुंद चेहऱ्याचे. वसईच्या बाजारात हमालांच्या घोळक्यात उभे केले तर वेगळे ओळखू येणार नाहीत. रानात एकटा असताना हा येशू तळमळतो आणि तो मीच आहे का, असे स्वतःलाच विचारतो. ‘मी आहे’ असे ठासून सांगणाऱ्या येशूची सवय असलेल्या माणसाला हा प्रश्न चांगलाच टोचतो. रॉबर्ट हार्डी रोमन सुभेदार पिलात झाले आहेत, ब्रायन ब्लेस्ड पट्टशिष्य पेत्र, बर्नार्ड हेप्टन मुख्य याजक कयफा आणि एडवर्ड हार्डविक येशूला पकडून देणारा यहूदा. (विषयांतर, पण राहवत नाही: ब्लेकली पुढच्याच वर्षी एका चित्रपटात शेरलॉक होम्सचे डॉ. वॉटसन झाले आणि हार्डविक 1986 पासून दूरचित्रवाणीवर त्याच भूमिकेत दिसले. म्हणजे इथला येशू आणि यहूदा हे दोघेही पुढे वॉटसन झाले.)

पॉटर खाणकामगाराचे चिरंजीव. ग्लॉस्टरशायरमधल्या फॉरेस्ट ऑफ डीन या कोळशाच्या मुलखात 1935 साली त्यांचा जन्म झाला आणि बालपण चॅपेलमधली गाणी म्हणत गेले. मृत्यूच्या दोन महिने आधी, 1994 मध्ये प्रसारित झालेल्या मुलाखतीत त्यांनी सांगितले होते की लहानपणी त्यांना बायबलमधल्या साऱ्या जागा आपल्याच गावाभोवती आहेत असे वाटे, आणि येशू पाण्यावरून चालला ती जागा म्हणजे वडिलांच्या खाणीजवळची तळी याबद्दल त्यांच्या मनात शंका नव्हती. हे वाचले की त्यांचा येशू असा का बोलतो ते उमगते. तो पवित्र ग्रंथातल्या भारदस्त इंग्रजीत बोलत नाही. कामावरून सुटलेल्या माणसांसमोर उभा राहून एखाद्याने बोलावे तसा बोलतो. शत्रूवर प्रेम करा हे वाक्य आपण इतके घासून गुळगुळीत केले आहे की त्याची धार हाताला लागत नाही. इथे ते रोमनांच्या तलवारीखाली जगणाऱ्या लोकांना सांगितले जाते आणि ऐकणाऱ्यांच्या चेहऱ्यावर भक्तिभाव नसतो, हा माणूस शुद्धीवर आहे ना अशी शंका असते.

अपेक्षेप्रमाणे गदारोळ झाला. दूरचित्रवाणीवरच्या अनीतीविरुद्ध मोहीम चालवणाऱ्या मेरी व्हाइटहाउस यांनी ईशनिंदेचा आरोप केला. याच बाईंनी पुढे 1977 मध्ये एका नियतकालिकाविरुद्ध ईशनिंदेचा खटला जिंकला, आणि इंग्लंडमधला तो गुन्हा रद्द व्हायला 2008 उजाडले. खरे तर येशू दूरचित्रवाणीवर यापूर्वीही आला होता. बीबीसीच्याच मुलांच्या विभागासाठी जॉय हॅरिंग्टन यांनी 1956 मध्ये आठ भागांचे येशूचरित्र केले होते, त्यावर असे वादळ उठले नव्हते. त्यामुळे नट येशूची भूमिका करतो यात खरी अडचण नव्हती, या येशूला शंका येते यात होती. रंगभूमीवर मात्र इंग्लंडमध्ये लॉर्ड चेंबरलेन या दरबारी अधिकाऱ्याची परवानगी लागे आणि येशूला मंचावर आणणे दीर्घकाळ निषिद्ध होते. ती सेन्सॉरशिप 1968 च्या कायद्याने संपली आणि पुढच्याच वर्षी या नाटकाचे प्रयोग लेस्टरला आणि मग लंडनला झाले. (आपल्याकडे नाटकांच्या संहिता तपासणारे परिनिरीक्षण मंडळ अजून आहे, हे नाटकवाल्यांना सांगायला नको.)

तरीही मला असे वाटते की हे नाटक विसरले गेले ते विरोधामुळे नव्हे. 1977 साली आलेल्या भव्य येशूमालिकेने त्याला पुसून टाकले. रॉबर्ट पॉवेल यांचा तो निळ्या डोळ्यांचा, क्वचितच पापणी लवणारा येशू जगभरच्या घरांत पोहोचला आणि त्याच्याशेजारी हा घामट, ओरडणारा, मध्येच मोठ्याने हसणारा सुतार देव्हाऱ्यात बसवण्याजोगा कोणाला वाटला नसावा. जिथे पाहणाऱ्याला पहिल्या क्षणापासून सगळे ठाऊक आहे आणि नायकालाही सगळे ठाऊक आहे, तिथे नाटक उरत नाही, झाकी उरते. पॉटर यांनी नायकाकडून ती खात्री काढून घेतली आणि दोन हजार वर्षे माहीत असलेल्या कथेत पुढे काय होणार याची धाकधूक निर्माण केली. आपल्याला हे अनोळखी वाटायचे कारण नाही. तुकोबांची विठ्ठलाशी भांडणे आपण आवडीने म्हणतो. मात्र संताने देवाविषयी शंका घेणे वेगळे आणि देव मानल्या गेलेल्याने स्वतःविषयी घेणे वेगळे, हे मलाही मान्य आहे, आणि ज्यांना ते सहन होत नाही त्यांच्यावर मी हसणार नाही. नाटकात कच्चे दुवेही आहेत. रोमन सैनिक फारच एकसुरी आहेत आणि स्त्रियांना जवळपास काही काम नाही. येशूची अनुयायी मरिया मग्दालिया हिच्या बाबतीत तर पॉटर यांनी संधीच घालवली असे माझे मत आहे.

हे पाहता येते हेही नशीबच म्हणायचे. त्या काळात चित्रफिती महाग असल्याने पुसून पुन्हा वापरल्या जात. पॉटर यांची त्याच मालिकेतली काही नाटके अशीच कायमची गेली. मला यावरून फादर थॉमस स्टीफन्स आठवले, आणि तेही ग्लॉस्टरशायरला लागून असलेल्या विल्टशायरचे. गोव्यात येऊन मराठी ओव्यांत त्यांनी रचलेले ‘ख्रिस्तपुराण’ 1616 मध्ये छापले गेले, पुढे आणखी दोन आवृत्त्या निघाल्या आणि तिन्हींची एकही प्रत आज हाती नाही. लोकांनी हाताने उतरवून घेतलेल्या पोथ्या राहिल्या म्हणून ते आपल्यापर्यंत आले.

पवित्र शनिवारी, म्हणजे ईस्टरच्या आदल्या दिवशी, दुपारी मी हे नाटक आईला दाखवले, मध्ये मध्ये थांबवून अर्थ सांगत. तिचे वय एक्याऐंशी आहे आणि क्रुसाची वाट ही येशूच्या दुःखसहनाची प्रार्थना तिने एकाही वर्षी चुकवलेली नाही. लाकडाच्या प्रसंगाला तिने “बाबांसारखाच करतो हा” एवढेच म्हटले. शेवटी क्रुसावरचा येशू, तू मला का सोडलेस, असा आक्रोश करतो आणि नाटक तिथेच संपते. नामावली सरकून गेली, पडदा काळा झाला, तरी आई हलली नाही.

“पुढचा भाग लाव ना,” ती म्हणाली.

“पुढचा भाग नाही, आई. इथेच संपवलंय त्यांनी.”

ती थोडा वेळ त्या काळ्या पडद्याकडे पाहत राहिली. मग जपमाळ उचलून आत जाता जाता म्हणाली, “म्हणजे शनिवारपर्यंतसुद्धा नाही आलं.”