बोंडातली अळी ड्रोनला दिसत नाही

कपाशीला पात्या, म्हणजे कळ्या, लागल्या की आमच्याकडच्या ग्रुपांवर एक व्हिडिओ फिरू लागतो. वावरावरून ड्रोन उडतोय, मागे ढोलताशांचं संगीत, खाली मजकूर. मजकुराचा सार असा: ड्रोनचा कॅमेरा एकदा फिरवा, बोंडातली अळी दिसेल, जमिनीखालचं पाणी दिसेल, धुऱ्याचं, म्हणजे बांधाचं, भांडण मिटेल, विम्याचा पंचनामा घरबसल्या होईल, रात्री वाघ-डुक्कर मोबाईलवर दिसेल, आणि ड्रोन लहान असल्यानं परवानगीची भानगड नाही. शेवटी अर्थातच 'प्रत्येक शेतकऱ्यापर्यंत पोहोचवा'.

मी ड्रोन उडवतो, माझं घर त्यावर चालतं. हे सगळं खरं असतं तर सगळ्यात आधी मीच पेढे वाटले असते. पण आता लोक फोन करून विचारतात, "भाऊ, अळी पाहायला कधी येता?" म्हणून एकेक मुद्दा घेतो.

"बोंडातली अळी दिसते"

आधी साधा हिशेब. नियमानं ड्रोन जास्तीत जास्त 400 फूट, म्हणजे 120 मीटर उंच नेता येतो. तिथून साध्या 12 मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्यानं फोटो काढला, तर त्यातला एक ठिपका जमिनीवरची सुमारे चार सेंटीमीटर जागा व्यापतो. पूर्ण वाढलेली गुलाबी बोंडअळी असते सव्वा सेंटीमीटरच्या आतबाहेर. म्हणजे तिच्या वाट्याला धड एक ठिपकाही येत नाही. तुडतुडे, मावा या रस शोषणाऱ्या किडी तर काही मिलिमीटरच्या आणि बसतात पानाच्या खालच्या बाजूला.

मग ड्रोन खाली आणा, असं कुणी म्हणेल. आणला दहा मीटरवर. आता ठिपका साडेतीन मिलिमीटरचा झाला, पण फोटोत एका वेळी जेमतेम चौदा मीटर रुंदीचा पट्टा मावतो आणि पंख्याच्या वाऱ्यानं पऱ्हाटी अशी हलते की निम्मे फोटो अस्पष्ट येतात. एवढं करूनही अळी दिसत नाहीच, कारण ती बाहेर नसते. अंड्यातून निघाली की ती पातीत, फुलात नाहीतर बोंडात शिरते. बोंड वाढताना तिचं शिरायचं छिद्र बुजून जातं. वरून बोंड हिरवंगार, आत सरकी पोखरलेली. कॅमेरा कितीही महागाचा असो, बोंडाच्या सालीपलीकडचं त्याला दिसत नाही.

बाहेर दिसणारी एकच खूण आहे, डोमकळी. अळी आतून पाकळ्या धाग्यानं बांधते, म्हणून फूल उमलत नाही, गुलाबाच्या कळीसारखं मिटलेलं राहतं. ती ओळखायला तासातून, म्हणजे पिकाच्या ओळींमधून, चालावं लागतं. पुढे बोंडं धरली की एकरातून वाकडंतिकडं फिरून वीस हिरवी बोंडं तोडायची आणि चिरून पाहायची. वीसपैकी दोन किडकी निघाली तर फवारणीचा विचार करायचा. विळा आणि अर्धा तास, एवढाच खर्च.

आता गंमत पाहा. कॅमेरा बोंडअळीसाठी खरंच कामाचा आहे, पण उडणारा नाही, खुंटाला बांधलेला. कामगंध सापळा आपल्याला ठाऊक आहे: मादीच्या वासाची गोळी लावली की नर पतंग येऊन अडकतात. हेक्टरी पाच सापळे लावायचे आणि सलग तीन रात्री सापळ्यामागे आठ-आठ पतंग सापडले तर सावध व्हायचं, असा आडाखा. अडचण मोजणीची असते. सापळे लावतात पुष्कळ जण, रोज जाऊन पतंग मोजणारे विरळाच. नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेनं सापळ्यातच छोटा कॅमेरा बसवून ही मोजणी करणारा सापळा तयार केला. तो अडकलेल्या पतंगांचा फोटो काढतो, मोजतो आणि आकडा पाठवतो. पंजाबातल्या कापूस पट्ट्यात तो लावूनही पाहिला गेला. त्याचा व्हिडिओ मात्र कुणी पुढे पाठवत नाही. खांबाला टांगलेल्या डब्याला ढोलताशा लावून काय उपयोग?

ड्रोनचा उपयोग शून्य आहे, असं मी म्हणत नाही. बहुपट्टी कॅमेरा असेल तर तो आपल्या डोळ्याला न दिसणारा निअर इन्फ्रारेड प्रकाशही टिपतो. तजेलदार पान हा प्रकाश भरपूर परतवतो, दुबळं पान कमी. त्यावरून नकाशा बनतो: इथे पीक जोमात, इथे खालावलेलं. वरुड-मोर्शीकडच्या संत्रा बागेत कोणत्या ओळीतली झाडं मागे पडली, किती तुटाळी (रिकाम्या जागा) झाली, हे असं छान कळतं. पण त्या संत्र्याला डिंक्या रोग आहे की पाणी साचून मुळं कुजली, ते बुंध्याशी वाकल्यावरच समजतं. कपाशीत नकाशावरचा लाल डाग म्हणजे पानं लाल पडणारा लाल्या असेल, झाड वाळवणारी मर असेल, किंवा पेरणीच नीट उगवली नसेल. कॅमेरा 'कुठे' ते सांगतो, 'काय' ते सांगत नाही. आणि मी एवढं ताणून धरतोय ते उगाच नाही. 2017 च्या हंगामात बोंडअळीनं विदर्भातली कपाशी खाल्ली, त्याच हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन माणसं दगावली. स्क्रीनवरचा लाल डाग म्हणजेच अळी, असं समजून पंप पाठीवर घ्यायला कुणी लावत असेल तर त्याला आधी बोंड चिरून दाखव म्हणा.

फवारणीच्या ड्रोनला पुढे असतो तो कॅमेरा तर चालवणाऱ्याला झाड आणि विजेची तार दिसावी यासाठी. व्हिडिओत बहुतेक वेळा तोच ड्रोन असतो, हेही लक्षात घ्या.

"जमिनीखालचं पाणी दिसतं"

नाही दिसत. कॅमेरा पृष्ठभागावरून आलेला प्रकाश किंवा उष्णता टिपतो, आणि आपल्याकडे बहुतेक ठिकाणी खाली काळा दगड आहे, त्याच्या आतलं वरून कसं दिसणार? ड्रोनचे हे पैसे हातावर नारळ धरून पाणी सांगणाऱ्या नारळवाल्याला द्या, निदान नारळ तरी मिळेल.

"धुऱ्याचं भांडण मिटतं"

हा समज स्वामित्व योजनेतून आला. 24 एप्रिल 2020 ला केंद्रानं ती सुरू केली, गावागावांवर ड्रोन उडाले, लोकांनी डोळ्यांनी पाहिले. पण ती योजना गावठाणापुरती आहे, घर आणि अंगणाच्या मालमत्ता पत्रकासाठी. वावराची मोजणी तिच्यात नाही.

आणि गावठाणातही ड्रोन यायच्या आधी काय केलं गेलं, ते ज्यांच्या गावात झालं त्यांनी आठवावं. भूमी अभिलेखचे लोक आले, घरधनी उभे राहिले, शेजारी उभा राहिला, आणि दोघांच्या समोर हद्दीवर चुन्याची फक्की टाकली गेली. ड्रोननं त्या पांढऱ्या रेघांचा फोटो काढला. रेघ कुठे पडावी ते माणसांनी ठरवलं होतं. जिथे शेजारी अडून बसला तिथे वाद तसाच राहिला, फोटो मात्र स्वच्छ आला.

वावरातलं भांडण असतं पिकाची एक ओळ इकडे की तिकडे एवढ्याचं. साध्या ड्रोनचं जीपीएस मीटर-दोन मीटर सहज चुकतं. अचूक नकाशा हवा तर जमिनीवर मोजलेल्या खुणा लागतात किंवा त्याहून महागडी यंत्रणा. आणि नकाशा अगदी केसाइतका अचूक निघाला तरी तो आज कोण कुठवर वाहतो एवढंच दाखवेल. शेजाऱ्यानं धुरा कोरला असेल तर कोरलेला धुरा दाखवेल. मूळ हद्द असते अभिलेखातल्या टिपणात आणि गटाच्या नकाशात. त्यासाठी मोजणीची फी भरायची, लगतच्या खातेदारांना नोटीस जाते, भूमापक येतो. माझ्या फोटोवर कोणताही तहसीलदार निकाल देणार नाही.

"विम्याचा पंचनामा घरबसल्या"

पीक विम्यात उत्पन्नाचा हिशेब तुमच्या एकट्याच्या वावराचा नसतो, महसूल मंडळाचा, म्हणजे काही गावांच्या गटाचा, असतो. निवडलेल्या प्लॉटवर पीक कापून, वजन करून सरासरी काढतात. 2023 च्या खरिपापासून भात आणि गव्हासाठी त्यात तंत्रज्ञानाच्या अंदाजाला किमान 30 टक्के वजन देण्याचं ठरलं, पण तो अंदाज मुख्यतः उपग्रहाच्या चित्रांवरून बांधतात. तुम्ही भाड्यानं आणलेल्या ड्रोनच्या व्हिडिओला त्यात जागा नाही.

इथे खरा कामाचा कॅमेरा तुमच्या खिशातच आहे. 2021 पासून ई-पीक पाहणीत शेतकऱ्यानं वावरात उभं राहून फोटो काढायचा असतो, फोटोसोबत जागेचे अक्षांश-रेखांश जातात आणि सातबाऱ्यावर पीक लागतं. तो फोटो राहिला तर पुढे मदत असो की खरेदी केंद्र, सगळीकडे हेलपाटे. नोव्हेंबर 2025 मध्ये केंद्रानं जाहीर केलं की 2026 च्या खरिपापासून वन्यप्राण्यांनी केलेलं नुकसानही विम्यात घेता येईल. त्यासाठी 72 तासांच्या आत जागेच्या नोंदीसह फोटो अ‍ॅपवर टाकायचे. कोणते प्राणी, कोणते जिल्हे, ते राज्यानं अधिसूचित करायचं. रोही (नीलगाय) आणि डुकरांनी तूर-हरभरा तुडवलेल्यांसाठी ही खबर त्या व्हिडिओपेक्षा शंभरपट मोलाची आहे, पण ग्रुपवर ती मला एकदाच दिसली, तीही सुप्रभातच्या फुलांखाली दबलेली.

"रात्री वाघ मोबाईलवर दिसतो"

यात अर्धं खरं आहे, म्हणून जास्त धोका आहे. उष्णता टिपणारा थर्मल कॅमेरा अंधारात गरम अंग दाखवतो, हे खरंच. डिसेंबर-जानेवारीत, उघड्या हरभऱ्यात, पहाटेच्या गारठ्यात डुकरांचा कळप पांढरा स्वच्छ दिसतो. पण पानाआडून उष्णता पार येत नाही. डोक्याइतक्या उंच तुरीत किंवा लँटानाच्या जाळीत वाघ बसला असेल तर स्क्रीनवर पानंच दिसणार. आणि मोहफुलं, तेंदूपत्ता वेचायचे दिवस म्हणजे ऐन उन्हाळा. चंद्रपुरात पारा 45 च्या पुढे जातो, तेव्हा दगड, माती आणि जनावर सगळं सारखंच तापलेलं, वेगळं काय दिसणार? माणसं नेमकी त्याच दिवसांत जंगलात असतात.

पांढरकवड्याची टी-1 आठवा. माणसं मारल्याचा ठपका असलेली, अवनी म्हणून देशभर गाजलेली ती वाघीण. तिच्या शोधात कॅमेरा ट्रॅप होते, थर्मल ड्रोन होते, हत्ती, कुत्री, पॅराग्लायडरसुद्धा होता. तरी ती महिनोन्‌महिने हुलकावणी देत राहिली आणि 2 नोव्हेंबर 2018 च्या रात्री बोराटीजवळ मारली गेली, तीही जमिनीवरच्या पथकाकडून. तिथे जे वनखात्याला जमलं नाही, ते वीस-पंचवीस मिनिटांच्या बॅटरीवर रात्रभर जागल करून आपल्याला जमेल, असं कुणी सांगत असेल तर त्यालाच माळ्यावर बसवा.

वाघाच्या बाबतीतही काम केलंय ते झाडाला बांधलेल्या कॅमेऱ्यानं. समोरून गरम अंग हललं की तो आपोआप फोटो काढतो. पायवाटेच्या दोन्ही बाजूंना एकेक बांधतात, कारण वाघाच्या डाव्या अंगाचे पट्टे आणि उजव्या अंगाचे पट्टे जुळत नाहीत. 2018 च्या व्याघ्रगणनेत देशभरात असे सुमारे 3 कोटी 48 लाख फोटो निघाले, त्यात वाघाचे 76,651. आता अशा प्रकारचे काही कॅमेरे फोटोत वाघ ओळखून लगेच मोबाईलवर इशारा पाठवतात. ताडोबा व्याघ्र प्रकल्पाच्या बफरमध्ये, म्हणजे कडेच्या पट्ट्यात, सीतारामपेठला गावाच्या कडेनं असे कॅमेरे लावले गेले. वाघ कुठे दडलाय, ते शोधायची भानगडच नाही. तो गावाच्या वाटेला लागला की कळलं, बस. अर्थात टॉवर असेल तर. आमच्याकडच्या अर्ध्या पांदण रस्त्यांवर फोनच लागत नाही, तिथे इशारा येणार कसा, हा प्रश्न वनखात्याला जरूर विचारा.

"लहान ड्रोनला परवानगी नको"

25 ऑगस्ट 2021 च्या ड्रोन नियमांत 250 ग्रॅमपर्यंतच्या नॅनो ड्रोनला पायलट प्रमाणपत्रातून सूट आहे. 250 ग्रॅम ते 2 किलोच्या ड्रोनला ती सूट आहे फक्त धंद्यासाठी उडवत नसाल तर. पैसे घेऊन उडवला की प्रमाणपत्र हवं. त्या वजनाला नोंदणी क्रमांकही लागतो. विमानतळाजवळ वेगळे निर्बंध, व्याघ्र प्रकल्पावर वनखात्याच्या परवानगीशिवाय उडवायचाच नाही. दंड एक लाख रुपयांपर्यंत आहे. ऑनलाइन बाहेरदेशातून स्वस्तात मागवतो म्हणाल तर 9 फेब्रुवारी 2022 पासून तयार ड्रोनच्या आयातीवर बंदी आहे, मोजके अपवाद सोडून.

म्हणून वावरात कुणी ड्रोन घेऊन आला आणि एकरी भाव सांगू लागला, तर आधी त्याचं प्रमाणपत्र आणि नोंदणी क्रमांक मागा, मग कॅमेरा साधा आहे, बहुपट्टी आहे की थर्मल ते विचारा. मी आलो तर माझ्याकडेही मागा.