बाणकोट: प्लासीच्याही आधीचं

परवा बागमांडल्याहून वेसवीला येताना फेरीबोटीवर एक काका नातवाला टेकडी दाखवत होते. "तो बघ बाणकोटचा किल्ला. फोर्ट व्हिक्टोरिया. राणीच्या नावानं बांधलेला."

मी गप्प बसलो, पण ते डोक्यातून जाईना. राणी व्हिक्टोरियाचा जन्म १८१९ चा. इंग्रजांनी या किल्ल्याचं बारसं केलं ते तिच्या जन्माच्या कितीतरी आधी. आणि बांधला तर त्यांनी नाहीच, आयता मिळाला.

दिला कुणी? आपणच की! कोकण किनाऱ्यावर आरमार बाळगून असलेले तुळाजी आंग्रे पेशव्यांना जड झाले होते, म्हणून १७५५ साली नानासाहेबांनी मुंबईच्या इंग्रजांना हाताशी धरलं. कमोडोर जेम्सनं सुवर्णदुर्ग घेतला, पाठोपाठ बाणकोट न लढताच त्याच्या हाती आला. पुढच्या वर्षी विजयदुर्ग पडला, आंग्र्यांचं आरमार जळालं. आता इंग्रज विजयदुर्ग सोडेनात. शेवटी ऑक्टोबर १७५६ च्या तहात तो पेशव्यांना मिळाला आणि बदल्यात बाणकोट इंग्रजांच्या ईस्ट इंडिया कंपनीकडे गेलं. जिथून इंग्रजी राज्याची सुरुवात धरतात, त्या प्लासीच्या लढाईला अजून आठ महिने होते. शाळेत आम्ही मात्र महाराष्ट्रात इंग्रज आले ते १८१८ ला, असंच पाठ केलं.

हेच गाव का, ते टेकडीवर उभं राहिलं की कळतं. महाबळेश्वरहून निघालेली सावित्री इथे समुद्राला मिळते, पलीकडे हरिहरेश्वर. गलबतं खाडीतून थेट महाडच्या बाजूला जायची. घाटावरून महाडला उतरलेला माल समुद्रात यायचा तो याच मुखातून. विजयदुर्गासारखा बेलाग किल्ला सोडून हा लहानसा जांभ्या दगडाचा कोट घेणारी माणसं वेडी नव्हती. हिशेबी होती.

१८१९ मध्ये दक्षिण कोकणचा वेगळा जिल्हा झाला, तेव्हा कचेरी बसली ती बाणकोटातच. थोड्याच वर्षांत ती रत्नागिरीला हलली आणि गाव मागे पडलं ते पडलंच. आज त्याचं नाव जास्त ऐकू येतं ते बोलीमुळे. बाणकोटी.

शेजारचं वेळास आता सगळ्यांना ठाऊक आहे, कासवांमुळे. नाना फडणवीसांचं मूळ गाव ते. बाणकोट कंपनीकडे गेलं तेव्हा नाना चौदा वर्षांचे होते. पुढे आयुष्यभर इंग्रजांना जोखत राहिलेल्या माणसाच्या गावाशेजारीच त्यांचं निशाण फडकत होतं, ही गोष्ट मला फार विलक्षण वाटते. कासवं बघायला येणाऱ्या गाड्या बाणकोटच्या फाट्यावरून सरळ पुढे निघून जातात.