आदेश निघण्याआधीच गल्ले ओस पडले होते

‘विषाणूने नव्हे, टाळेबंदीने अर्थव्यवस्था बुडवली. स्वीडनने काहीच बंद केलं नाही, त्यांचं काही बिघडलं नाही. 1918 च्या फ्लूच्या साथीतही लोक कामाला जातच होते.’ हा फॉरवर्ड 2020 पासून फिरतोय आणि अजूनही अधूनमधून डोकं वर काढतो.

आधी टाळेबंदीचं बघू. शिकागो विद्यापीठातल्या ऑस्टन गूल्सबी आणि चॅड सिव्हरसन यांनी मोबाइल फोनच्या नोंदींवरून अमेरिकेतल्या दुकानांमधली वर्दळ मोजली. शेजारशेजारचे भाग, एकीकडे आदेश लागू, दुसरीकडे नाही, अशी दुकानं ताडून पाहिली. वर्दळ घटली 60 टक्क्यांनी. त्या 60 पैकी आदेशांच्या खात्यावर जेमतेम 7. बाकीचं गिऱ्हाईक आपणहून घरी बसलं होतं, आणि घट आदेशांच्या आधीच सुरू झाली होती. जे बाहेर पडले तेही मोठं, गर्दीचं दुकान टाळून त्याच धंद्यातल्या छोट्या, निवांत दुकानाकडे वळले. असा हुकूम कुठल्या सरकारने काढला होता?

आता स्वीडन, फॉरवर्डवाल्यांचा हुकमी एक्का. ‘काहीच बंद नव्हतं’ हेच मुळात चूक. मार्च 2020 मध्ये तिथली विद्यापीठं ऑनलाइन झाली, 50 हून जास्त लोकांच्या कार्यक्रमांवर बंदी आली. व्होल्वोने मोटारींचे कारखाने काही आठवडे बंद ठेवले, तेही सरकारी आदेश नसताना. शेजारच्या डेन्मार्कने कडक निर्बंध लावले होते. दोन्ही देशांतल्या बँक ग्राहकांचा खर्च संशोधकांनी तपासला, तेव्हा सुरुवातीच्या आठवड्यांत तो डेन्मार्कमध्ये साधारण 29 टक्क्यांनी आणि ‘मोकळ्या’ स्वीडनमध्ये 25 टक्क्यांनी घटलेला निघाला. सत्तरीपुढच्यांचा खर्च तर स्वीडनमध्येच जास्त आटला. मला याचा अर्थ एवढाच लागतो, की तरुण मोकळे फिरत होते म्हणूनच म्हातारी माणसं बाहेर पडायला धजावत नव्हती.

1918 बद्दल फार लिहायची गरज नाही. फिलाडेल्फियात इतक्या टेलिफोन ऑपरेटर आजारी पडल्या, की अगदी निकडीचेच फोन करा, असं कंपनीला जाहिरात देऊन सांगावं लागलं. कामाला जायला माणूस धड तर हवा!

पण डेन्मार्कमध्ये स्वीडनपेक्षा जास्त घटलेले ते वरचे चार टक्के मी हलके मानत नाही. तोही कुणाचा तरी पगार होता. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या हिशेबाने 2020 मध्ये जगभरातले 8.8 टक्के कामाचे तास बुडाले, म्हणजे साडेपंचवीस कोटी पूर्णवेळ नोकऱ्यांइतके. ज्याचं काम घरून होण्यासारखं नाही आणि ज्याच्या हाती मदतही पडली नाही, त्याला बंदीचा एकेक दिवस जड गेला. कुठली बंदी किती लांबवली, भरपाई कुणापर्यंत पोचली, यावर जरूर भांडा. शाळा इतका काळ बंद ठेवण्याबद्दल तर मीही तुमच्याच बाजूने भांडेन.