ठसा कुणाचा, तेवढं सांगा

गेल्या हिवाळ्यात आमच्या घरामागच्या शेडजवळ बर्फात एक ठसा उमटला होता, जवळजवळ माझ्या तळहाताएवढा. शेजारच्या बाई म्हणाल्या, कूगरच असणार, म्हणजे अमेरिकेतलं मोठं रानमांजर, प्यूमा. मी शेजारी पट्टी ठेवून फोटो काढला आणि राज्याच्या नैसर्गिक संसाधन विभागाला पाठवला. काही दिवसांनी उत्तर आलं: कुत्रा आहे. ठशात नखांच्या खुणा आहेत, कूगर चालताना नखं आत ओढून घेतो.

मी अमेरिकेतल्या मिशिगन राज्याच्या उत्तर भागात, अप्पर पेनिन्सुलात राहते. इथला शेवटचा रानटी कूगर १९०६ मध्ये न्यूबेरीजवळ मारला गेल्याची नोंद आहे. त्यानंतर लोक 'आम्ही पाहिला' म्हणत राहिले आणि विश्वास कुणी ठेवेना. सरकार लपवतंय, असं म्हणणारे तर आजही भेटतात. पण २००८ पासून विभागाने फोटो, ठसे तपासून, गरज पडली तर जागेवर जाऊन, एकेक नोंद पक्की केली. तारीख आणि काउंटी कुणालाही बघता येते. शेपूट आखूड दिसली तर तो बॉबकॅट, इथलं लहान रानमांजर. पुष्कळदा तर घरातलं मांजरच निघतं. मार्च २०२५ मध्ये ऑंटोनागॉन काउंटीत दोन बछड्यांचा फोटो खरा ठरला. शंभराहून जास्त वर्षांत मिशिगनमध्ये कूगरची पिल्लं दिसल्याची ही पहिली पक्की नोंद. दुकानात, पोस्टात, सगळीकडे तोच विषय होता. लोकांना आनंद झाला होता.

माझं माहेर जुन्नर तालुक्यातलं. त्याच वर्षी ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये शेजारच्या शिरूर तालुक्यात, पिंपरखेड परिसरात, महिन्याच्या आत बिबट्याने तीन जीव घेतले. त्यातली दोन लहान मुलं. लोकांनी वनविभागाची गाडी जाळली, पुणे-नाशिक महामार्ग अडवला. त्या दिवसांत आमच्या इथल्या मराठी मित्रमंडळींत एकाने लिहिलं, "आपल्या लोकांना वन्यप्राण्यांसोबत राहायला शिकवलं पाहिजे." मला फार लागलं ते. अप्पर पेनिन्सुलात सुमारे ४२ हजार चौरस किलोमीटरमध्ये तीन लाख माणसं राहतात. एकट्या जुन्नर तालुक्यात २०११ च्या जनगणनेत चार लाखांच्या आसपास होती. इथे कूगर चुकूनमाकून येणारा पाहुणा आहे. तिथे बिबट्या उसातच जन्मतो, तोडणीला आलेल्या मजुरांना सरीत बछडी सापडतात. कुणी कुणाला शिकवायचं?

सगळे बिबटे पकडून दुसरीकडे नेऊन सोडा, ही मागणीही मला पटत नाही, ती करणाऱ्यांचं दुःख कळत असूनही. जुन्नरमध्ये हे करून झालंय. २००० नंतरच्या काही वर्षांत धरलेले बिबटे लांब नेऊन सोडले गेले, आणि वन्यजीव अभ्यासक विद्या अत्रेय व सहकाऱ्यांच्या अभ्यासात दिसलं की सोडलेल्या जागांच्या आसपास माणसांवरचे हल्ले वाढले.

दादा रात्रीच्या पाळीला उसाला पाणी द्यायला जातो. शेतीची वीज रात्री येते, मग काय करणार. एका हातात बॅटरी, खिशातल्या मोबाइलवर मोठ्याने गाणी, आणि वहिनी घरात जागी. दिवसा वीज द्या, ही तिथल्या शेतकऱ्यांची मागणी मला सगळ्या पिंजऱ्यांपेक्षा महत्त्वाची वाटते. ती आधी पुरी व्हावी.

आणि इथली एकच गोष्ट तिकडे न्यावीशी वाटते: कळवणाऱ्याला उत्तर. शहाण्याने घाबरू नका म्हणायचं आणि गावाने आपापसांत व्हिडिओ फिरवायचे, याने भीती वाढते. त्यात आता एआयने बनवलेले खोटे बिबटेही आलेत, त्यामुळे खरं सांगणाऱ्याकडेही लोक संशयाने बघतात. कुणी कळवलं, कोण बघून गेलं, काय ठरलं, हे गावनिहाय, तारखेनिशी सगळ्यांना दिसलं पाहिजे. माणूस गेल्यावरच्या पंचनाम्यात नाही, आधी.

दादाने दिवाळीनंतर गावातून वनविभागाला ठसा दिसल्याचं कळवलं होतं. पुढे काय झालं ते त्याला कुणी सांगितलं नाही. "तुझ्याकडे कुत्र्याच्या पायालासुद्धा उत्तर येतं गं," तो म्हणाला. त्याने पाठवलेला फोटो माझ्या फोनमध्ये आहे. ओल्या सरीत ठसा, मापाला शेजारी ठेवलेला विळा. मी मोठा करून करून पाहिला. नखांच्या खुणा नाहीत.